एक धार किती मिनिटे टिकते? खानदेशातल्या वर्कशॉपमध्ये मशीनिंगचा चालू प्रश्न अभ्यासताना

मशीनिंगमधले सध्याचे प्रश्न कोणते, असे विचारले की नवा विद्यार्थी तयार नावे सांगतो: इंडस्ट्री ४.०, थ्रीडी प्रिंटिंग, क्रायोजेनिक कूलिंग, एआय. नावे खरी आहेत, पण त्यांतले एकही नाव म्हणजे अभ्यासाचा प्रश्न नव्हे. प्रश्नाला एकक लागते. 'टूल लवकर जाते' ही तक्रार झाली. 'ईएन८ स्टीलच्या बारवर १८० मीटर प्रति मिनिट वेगाने धार किती मिनिटे टिकते आणि कूलंट बंद केला तर त्यातली किती मिनिटे जातात' हा प्रश्न झाला. आयटीआय, डिप्लोमा किंवा बीई करणाऱ्यांनी, आणि एमआयडीसीत नुकत्याच कामाला लागलेल्यांनीही, असा एक प्रश्न धरून तो शेवटपर्यंत कसा न्यायचा, ते इथे क्रमाने दिले आहे.

प्रश्न कुठे शोधायचा

आधी आसपासच्या जॉब शॉपमध्ये दोन दिवस उभे राहा. जळगावला पाइप, ठिबक आणि चटईचे कारखाने आहेत, त्यांच्यामागे डाय आणि मोल्डची कामे आहेत. डाळ मिल आणि जिनिंगचे शाफ्ट दुरुस्तीला येतात. धुळे, शिरपूरकडेही जिनिंग आणि कापडाच्या मशिनरीची कामे सापडतील. अशा ठिकाणी तीन गोष्टी पाहा: टाकून दिलेल्या इन्सर्टचा (टूलच्या टोकाला बसणाऱ्या, बदलता येणाऱ्या कापणाऱ्या तुकड्यांचा) डबा, चिपचा ढीग आणि कूलंटची टाकी.

इन्सर्टचा डबा सर्वांत जास्त बोलतो. वीस इन्सर्ट घ्या, पुसा, भिंगाखाली लावा. बाजूची झीज एकसारखी पट्ट्यासारखी दिसली, तर वेग आणि वेळेचा प्रश्न आहे. कोपरा तुटलेला असेल, तर धक्क्याचा. वेल्डिंगने भरलेला शाफ्ट वळताना हे हमखास होते, कारण वेल्डमध्ये कडक ठिपके असतात, पृष्ठभाग खडबडीत असतो आणि टूल एका फेऱ्यात अनेकदा हवेत जाऊन पुन्हा धातूवर आदळते. कटच्या खोलीच्या रेषेवर खाच पडली असेल, तर बारची काळी साल किंवा पहिल्या कटने कडक झालेला थर कारण असू शकतो. धारेवर धातूचा गोळा चिकटलेला असेल, तर बहुधा वेगच कमी आहे. सुरुवातीचे पुष्कळ जण इथे उलटे करतात. टूल जाते म्हणून वेग आणखी कमी करतात, गोळा वाढतो, तो सुटताना धारेचा कपचा घेऊन जातो.

त्या वीसमध्ये सर्वांत जास्त वेळा दिसलेली खूण हाच तुमचा विषय. तो मोठ्या जर्नलमधल्या विषयाशी जोडायला फार वेळ लागत नाही. बाजूची झीज कोरडे मशीनिंग, कमी तेलाचे मशीनिंग आणि सेन्सरने टूलची अवस्था ओळखणे या तिन्हींकडे नेते.

वाचन किती आणि कसे

वाचनाला तीन आठवडे पुरे. मूळ समज हवी असेल तर एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन उपक्रमावरची मेटल कटिंगची व्याख्याने फुकट आहेत. भारतातले प्रबंध शोधगंगा या ऑनलाइन भांडारात मिळतात. त्यातला प्रयोगाच्या मांडणीचा भाग आधी वाचा, प्रस्तावना नंतर. एआयएमटीडीआर या उत्पादन तंत्रज्ञानाच्या अखिल भारतीय परिषदेचे शोधनिबंध उपयोगी, कारण त्यांत आपल्याकडचे स्टील आणि आपल्याकडच्या मशीन असतात. प्रत्यक्ष टूल रूम पाहायची तर खानदेशातून छत्रपती संभाजीनगरची इंडो जर्मन टूल रूम जवळ पडते.

प्रत्येक निबंधातून फक्त पाच गोष्टी वहीत उतरवा: माल आणि त्याची हार्डनेस, इन्सर्टचा पूर्ण कोड, वेग-फीड-खोली, झीज कशी मोजली, आणि तोच प्रयोग किती वेळा केला. पाचवा रकाना बहुतेक वेळा रिकामा राहील. एकदाच केलेल्या प्रयोगावर दशांशाच्या तिसऱ्या घरापर्यंत निष्कर्ष काढलेले निबंध पुष्कळ आहेत. तो साचा उचलू नका.

तागुचीच्या एल९ मांडणीबद्दलही इथेच सांगायला हवे, कारण कॉलेजात ती डोळे झाकून घेतली जाते. चार घटक, प्रत्येकाच्या तीन पातळ्या, नऊ प्रयोग. चारही रकाने भरले की चूक किती आहे हे मोजायला काही उरत नाही, आणि दोन घटक एकमेकांवर काय परिणाम करतात तेही वेगळे काढता येत नाही. त्यापेक्षा दोनच घटक घ्या, तीन-तीन पातळ्या, प्रत्येक जोडी दोनदा: अठरा प्रयोग. त्याहून साधे म्हणजे एकच घटक, तीन पातळ्या, दोनदा. पहिल्या अभ्यासाला हेच योग्य, आणि पुढचा सगळा हिशोब त्याचाच आहे.

सामान

माल ईएन८, म्हणजे साधारण ०.४ टक्के कार्बनचे स्टील. ६३ मिमी व्यासाचा काळा बार घेऊन २५० मिमीचे तुकडे करा. एक तुकडा सुमारे ६.१ किलोचा. सगळे तुकडे एकाच हीटचे, म्हणजे भट्टीतल्या एकाच ओतणीचे हवेत. दुकानदाराकडून हीट नंबर लिहून घ्या आणि प्रत्येक तुकड्याच्या टोकावर पंच करा. अर्धे तुकडे एका लांब बारचे आणि अर्धे दुसऱ्या हीटचे निघाले, तर मोजलेला फरक वेगाचा की मालाचा, हे नंतर कुणालाच सांगता येणार नाही. प्रत्येक तुकड्याची हार्डनेस दोन्ही टोकांना घ्या.

इन्सर्ट सीएनएमजी १२०४०८, स्टीलच्या मध्यम कटाचा कोटेड ग्रेड, सगळे एकाच खोक्यातले. कोडमधले सी म्हणजे ८० अंशांचा कोपरा, शेवटचे ०८ म्हणजे नाकाची त्रिज्या ०.८ मिमी. दोन्ही बाजू धरून वापरण्याजोगे चार कोपरे. कोपऱ्यांना मार्करने १ ते ४ आकडे घाला. ही बारीक गोष्ट राहिली की दुसऱ्या दिवशी वापरलेला कोपरा नवा समजून लावला जातो.

कटची खोली २ मिमी, फीड ०.२ मिमी प्रति फेरा. खोली नाकाच्या त्रिज्येच्या किमान दुप्पट हवी, नाहीतर सगळी झीज गोलाईवरच पडते आणि मोजायला सरळ धार मिळत नाही. वेग १८०, २१० आणि २४० मीटर प्रति मिनिट.

आता मशीनची ताकद तपासा. वेग × खोली × फीड × धातूचा विशिष्ट रोध (एक चौरस मिमी धातू कापायला लागणारा जोर), भागिले ६०,०००, म्हणजे किलोवॅट. ईएन८ साठी रोध सुमारे २१०० न्यूटन प्रति चौरस मिमी धरला, तर १८० वर २.५ किलोवॅट आणि २४० वर ३.४ किलोवॅट थेट कटला लागतात. पट्टे, गिअर यांत जाणारे वेगळे. तीन एचपीची, म्हणजे २.२ किलोवॅटची जुनी लेथ इथे दमते. स्पिंडल कटमध्ये मंदावतो, वेग कागदावरचा राहत नाही आणि धार टिकली असा खोटा आकडा मिळतो. अशा लेथवर फीड निम्मी करा आणि तसे लिहा.

शक्य असेल तर सीएनसी टर्निंग सेंटर घ्या. साध्या लेथवर आरपीएम पायऱ्यांत बदलतो. बार बारीक होत गेला की तोच आरपीएम ठेवूनही कटिंग स्पीड घसरत जातो. सीएनसीवर जी९६ ने वेग कायम राहतो. त्याबरोबर जी५० ने कमाल आरपीएम बांधायला विसरू नका. २४० वर ३६ मिमी व्यासाला सुमारे २१२० आरपीएम होतात, म्हणून २२०० ची मर्यादा ठेवा. टेलस्टॉकला रिव्हॉल्व्हिंग सेंटर हवाच.

कट आणि मोजणी

५० मिमी चकमध्ये, २०० मिमी बाहेर. दुसऱ्या, जुन्या इन्सर्टने साल काढून बार ६० मिमीवर आणा. मग चाचणीची धार लावा. ६० वरून ४-४ मिमी कमी होत ३२ पर्यंत सात पास होतात. १८० च्या वेगाला एका तुकड्यात प्रत्यक्ष कट जेमतेम ५ मिनिटे ५० सेकंद मिळतो. नवशिक्यांचा अंदाज इथेच चुकतो. 'धार वीस-पंचवीस मिनिटे टिकते' हे सिद्ध करायला चार तुकडे खपतात. तिन्ही वेग एकदा करायला नऊ तुकडे, म्हणजे ५५ किलो, आणि दोनदा करायला ११० किलो स्टील जवळ ठेवा. वेग आणखी कमी, १४० वगैरे, घेतला तर धार इतकी टिकते की माल आधी संपतो. म्हणून तिन्ही पातळ्या वरच्या घेतल्या.

सुरुवातीला प्रत्येक पासनंतर, नंतर दर दोन पासनंतर मशीन पूर्ण थांबवा, इन्सर्ट काढा आणि यूएसबी मायक्रोस्कोपखाली ठेवा. धारेखालची बाजू भिंगासमोर सपाट यायला हवी. तिरकी आली की पट्टा कमी रुंद दिसतो. मोजमापाची खात्री करायला फीलर गेजचे ०.३० मिमीचे पाते उभे धरून त्याच उंचीवर फोटो घ्या. फोटोतली पात्याची जाडी ०.३० आली की स्केल बरोबर. आणि योगायोग असा, की तीच तुमची अंतिम रेषाही आहे: आयएसओ ३६८५ नुसार बाजूची झीज एकसारखी असेल तर सरासरी ०.३ मिमीला धार संपली असे धरतात, वेडीवाकडी असेल तर कमाल ०.६ मिमीला.

पट्टा मोजताना नाकाची गोलाई सोडा, कटच्या खोलीच्या रेषेजवळची खाचही सोडा. मधल्या सरळ भागाची सरासरी घ्या. धारेवर चिकटलेला धातू असेल तर तो नखाने किंवा लाकडी काडीने काढा, लोखंडी सुईने नको. इन्सर्ट परत बसवताना त्याच्या बैठकीत एकही कण राहू देऊ नका. राहिला की इन्सर्ट हलतो आणि धार झिजायच्या आधी तुटते. स्क्रू दर वेळी सारखाच आवळा.

झीज वेळेवर मांडली की तीन भाग दिसले पाहिजेत: पहिल्या मिनिटभरात पटकन चढ, मग लांब संथ उतार-चढ नसलेली वाढ, शेवटी पुन्हा झपाट्याने. पहिला चढ दिसला नाही तर सुरुवातीची मोजणी उशिरा झाली.

चिप हाताने ओढायची नाही, हातमोजे घालूनही नाही. लांब रिबनसारखी चिप निघत असेल तर फीड थोडी वाढवा किंवा चिपब्रेकर बदला, पण तो बदल सगळ्या वेगांना सारखाच करा आणि पहिल्यापासून पुन्हा सुरू करा.

पृष्ठभागाचा फिनिशही सोबत घ्या. फीडचा वर्ग भागिले नाकाच्या त्रिज्येची ३२ पट, हा आरएचा, म्हणजे सरासरी खडबडीतपणाचा, गणिती अंदाज. ०.२ फीड आणि ०.८ त्रिज्येला तो १.५६ मायक्रॉन येतो. टेस्टरवर कटऑफ ०.८ मिमी ठेवा. मोजलेला आकडा अंदाजाच्या खूप वर गेला तर चॅटर (कटमधली थरथर) किंवा चिकटलेला धातू शोधा. खूप खाली आला तर टेस्टरच तपासा.

उन्हाळा हा स्वतःच एक घटक

मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा पंचेचाळीसच्या घरात असतो. लांबीच्या मोजणीचे जगाने मान्य केलेले तापमान २० अंश. स्टीलचा शाफ्ट आणि स्टीलचा मायक्रोमीटर दोन्ही ४२ अंशांवर असतील तर दोघेही सारखेच फुगतात, चूक फारशी उरत नाही. घात होतो तो दोन ठिकाणी. एक, नुकता वळलेला शाफ्ट मायक्रोमीटरपेक्षा २० अंशांनी गरम असेल, तर ५० मिमी व्यास साडेअकरा मायक्रॉन जास्त दाखवतो. या व्यासाला एच६ या नेमक्या फिटची सगळी सूट १६ मायक्रॉनची असते, त्यातली बहुतेक इथेच गेली. संध्याकाळी थंड झाल्यावर तोच शाफ्ट लहान निघतो आणि दोष ऑपरेटरवर जातो. दोन, ॲल्युमिनियम स्टीलच्या दुप्पट फुगते. ४२ अंशांवर १०० मिमीचा ॲल्युमिनियमचा भाग स्टीलच्या साधनाने मोजला तर तो साधारण २५ मायक्रॉन मोठा वाटतो, दोन्ही एकाच तापमानाला असूनसुद्धा. जॉब आणि साधन एकाच ग्रॅनाइटवर किमान तासभर ठेवा, मोजणी सकाळी करा आणि प्रत्येक वाचनाशेजारी तापमान लिहा. हा विषय स्वतंत्र अभ्यासालाही उत्तम आहे. त्याला महाग काहीच लागत नाही, आणि पुण्याच्या विद्यार्थ्याला जो फरक मुश्किलीने दिसेल तो इथे दुपारी दोन वाजता टेबलावर दिसतो.

कूलंट: दुसरा टप्पा

कोरडा कट आणि पाण्यात मिसळलेला कूलंट यांची तुलना करायची तर कूलंट मोजलेला हवा. शंभर लिटरला सहा टक्के म्हणजे ९४ लिटर पाण्यात ६ लिटर तेल. पाण्यात तेल ओता, तेलात पाणी नको, नाहीतर दही फुटल्यासारखे गोळे होतात. रिफ्रॅक्टोमीटरचा आकडा म्हणजे टक्केवारी नव्हे. त्याला तेलाच्या पत्रकातल्या गुणकाने गुणायचे. गुणक १.६ असेल आणि काचेत ४.५ दिसले, तर प्रमाण ७.२ टक्के.

खानदेशी उन्हाळ्यात टाकीतले पाणी उडते, तेल मागे राहते. त्यामुळे प्रमाण आपोआप चढते, हाताला खाज सुटते, मशीनवर चिकट थर बसतो. अशा वेळी भर घालताना सहा टक्क्यांचे मिश्रण नको, एक-दीड टक्क्याचे पातळ मिश्रण घाला. बोअरचे पाणी जड असेल तर वर साबणासारखा थर येतो. सोमवारी सकाळी टाकीला कुजका वास आला तर वर तरंगणारे स्लाइडचे तेल आधी काढा. त्याखाली हवा लागत नाही आणि जंतू वाढतात. पीएच साडेआठच्या खाली गेला असेल तर त्या टाकीवर चाचणी करू नका.

कमी तेलाच्या पद्धतीत तासाला दहा ते शंभर मिलिलिटर तेल दाबाच्या हवेने धारेवर फवारतात. कॉलेजातल्या प्रकल्पांत शेंगदाणा किंवा सरकीचे तेल वापरायची पद्धत पडली आहे. सरकी आपल्या भागातली म्हणून आकर्षणही असते. तुलना म्हणून जरूर करा, पण खाद्यतेल गरम पृष्ठभागावर हवेशी मिळून डिंकासारखे होते. नोझल आणि मशीनच्या स्लाइड आठवडाभराने उघडून पाहा आणि जे दिसले ते लिहा. फवाऱ्याचे धुके श्वासात जाऊ नये म्हणून ओढून घेणारा पंखा हवा. आणि विजेच्या हिशोबात कॉम्प्रेसर धराच. कूलंटचा पंप बंद झाल्याची बचत दाखवायची आणि सतत चालणारा कॉम्प्रेसर विसरायचा, ही चूक छापील निबंधांतही सापडते.

सेन्सर लावायची घाई असेल तर स्पिंडलच्या करंटपासून सुरू करा, पण ड्राइव्हच्या बाहेरच्या वायरवर स्वस्त क्लॅम्प लावून नको. तिथली लहर तुटक असते आणि तिची वारंवारता आरपीएमबरोबर बदलते. ड्राइव्हच्या आत येणाऱ्या बाजूला पॉवर मोजा आणि त्याच आरपीएमची रिकामी पॉवर वजा करा. झीज फोटोत मोजलेली नसेल, तर सेन्सरच्या आलेखाला काहीच अर्थ लागत नाही.

आकड्यांतून उत्तर

टेलरने १९०७ मध्ये मांडलेले सूत्र अजून कामाचे आहे: वेग गुणिले आयुष्याचा एन घात बरोबर सी. समजा १८० वर धार २४ मिनिटे टिकली आणि २४० वर ९ मिनिटे. वेगांच्या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉग भागिले आयुष्यांच्या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉग, म्हणजे ०.२८८ भागिले ०.९८१, एन आला ०.२९. सी येतो सुमारे ४५७. यावरून २१० ला १४ मिनिटे यायला हवीत. तुमची मधली चाचणी इथे उपयोगी पडते: ती १४ च्या आसपास आली तर रेषा विश्वासाची. दहाच आली तर घाई न करता तो प्रयोग पुन्हा करा.

मग रुपयांवर या, कारण शॉपच्या मालकाला एन नको असतो. स्वस्त पडणारे आयुष्य म्हणजे (१ भागिले एन, वजा १) गुणिले (टूल बदलायची मिनिटे अधिक एका धारेची किंमत भागिले मशीनचा मिनिटाचा दर). समजा इन्सर्ट २४० रुपयांचा, म्हणजे धार ६० ला. मशीन मिनिटाला ८ रुपये, बदलायला २ मिनिटे. उत्तर साधारण २३ मिनिटे, म्हणजे वेग १८२ च्या आसपास. तेच मशीन १६ रुपये मिनिटाचे असेल तर १४ मिनिटे, वेग सुमारे २१०. महाग मशीनवर टूल जपत बसणे तोट्याचे, हे अशा हिशोबाने मालकाला पटते, नुसत्या सल्ल्याने नाही.

काम संपल्यावर प्रत्येक इन्सर्ट वेगळ्या पुडीत घाला. पुडीवर कोपऱ्याचा आकडा, वेग, एकूण मिनिटे, शेवटची झीज आणि बारचा हीट नंबर लिहा. उरलेल्या ३२ मिमीच्या तुकड्यांमधून एक तुकडा न वळलेल्या टोकासह बाजूला ठेवा. पुढच्या वर्षीच्या बॅचला तुमचा आकडा तपासायचा असेल, तेव्हा हार्डनेस पुन्हा मोजायला तोच लागेल.